हळदीचा मायनस, कुंकवाचा प्लस

८ सप्टेंबर, सोमवार

एका दुपट्याला भोक पडलं म्हणून कुणी घर सोडून जातं व्हय? आन् भोक तरी केवढं, शर्टाच्या बटणाएवढं. कढईच्या तेलानं माझ्या लुगड्याला याच्यापेक्षा मोठी भोकं पडलीत. मी गेले का माहेरी? माहेरी आता कुणी उरलं न्हाई ती गोष्ट वेगळी. पण गेले न्हाई.

चिटगुप्प्याच्या स्टँडवर माझी भज्याची गाडी. करंट गेला की माझ्याकडं अंधार, आन् शेजारी नागेंद्रच्या गाडीवर इन्व्हर्टरचा झगझगाट. गिऱ्हाईक सगळं तिकडं. परवा मला म्हणतो, सरुअक्का, भजी तळायलीस का कोळसे, इकडनं दिसंना झालंय. म्हणून मी प्रशांतला सांगितलं, बिदरला कोळारच्या भंगारात लॅपटॉपचे जुने सेल मिळतात म्हणं, आण. दिवा करते. माझं पोरगं तिथंच गोडाऊनला कामाला हाय, आणले पिशवीभर.

आता सेल भरायचे कसे? मोबाईलच्या चार्जरची वायर कापली, दोन तोंडं चिकटपट्टीनं सेलच्या दोन बाजूला लावली आन् बाजेवर ठेवला, का तर प्लग तिथंच हाय. सेल तापला. बाजेवर नातीचं, मंजूचं दुपटं व्हतं. मंजू दुपट्यात नव्हती, वर पाळण्यात व्हती. हे कुणी ध्यानातच घेईना.

सून काही भांडली न्हाई. अंजू भांडत न्हाई, तेच वाईट. पोरीला कडेवर घेतलं, बॅग भरली आन् उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, अत्या, ह्या बॅटऱ्या घरात असेपर्यंत मी मंजूला घेऊन येत न्हाई. आन् गेली कडगंचीला, आईकडं.

म्हणजे काय, तर बॅटऱ्या नीट ठेवा. बरोबर हाय तिचं. सेल चार्ज करायचं असं पक्कं घर बांधते, होल्डर म्हणतात त्याला, की तिनंच म्हणावं, अत्या, ह्यात तर मंजूला झोपवावं.

दसऱ्याला दोघी घरी असतील. लिहून ठेवलं.

(ही डायरी बियाच्या दुकानदारानं आमच्या मालकाला फुकट दिली. जानेवारीत त्यांनी एक पान लिहिलं, ‘आज डायरी मिळाली.’ पुढं सगळी कोरी. म्हणून मी घेतली.)

९ सप्टेंबर

अंजूचा फोन न्हाई. कडगंचीला रेंज नसंल. मालक म्हणाले, तिथं युनिव्हर्सिटी हाय, रेंज भरून वाहते. म्हटलं, मग ती पोरंच ओढत असतील सगळी.

१० सप्टेंबर, बुधवार

शिवय्याकडं गेले. स्टँडसमोर मोबाईल रिपेरीची टपरी हाय त्याची. गिऱ्हाइकाशी कानडीत बोलतो, मला उपदेश मात्र मराठीत करतो.

म्हणाला, अक्का, चार्जरला सेल थेट लावायचाच न्हाई. मधी ही पट्टी पाहिजे. नखाएवढी निळी पट्टी दाखवली. सेल भरला की ही करंट तोडते. न्हाई तर तो पीत राहतो, पीत राहतो आन् फुटतो. म्हटलं, आमच्या थोरल्या दिरासारखा. तो हसला न्हाई. फुगलेला सेल लावू नका म्हणाला, चेपलेला लावू नका, वरचा कागद फाटलेला लावू नका. जळंल अशा कशावर ठेवू नका. लावून घर सोडू नका. हाताला गरम लागला की काढा. आन् उलटा तर बिलकुल घालू नका. प्लसच्या बाजूला गळ्याभोवती बारीक खाच असते, ती बघायची.

खाच मला दिसली न्हाई. चष्मा घरी व्हता. व्हय व्हय म्हटलं.

शेवटी म्हणाला, हे सगळं कशाला, तयार चार्जर हाय माझ्याकडं, चार सेल बसतात, घेऊन जा. मी पट्टी तेवढी घेतली. चार खाचांच्या प्लास्टिकला कोण पैसे देतं? ह्या हातानं चुली घातल्यात मी. गावातल्या बायका मला चूल घालायला बोलवून न्यायच्या. सेलला काय, त्याला तर धूर जायला वाट बी लागत न्हाई.

१२ सप्टेंबर

होल्डर झाला. एका दुपारीत.

लहानपणी आम्ही कडब्याच्या धाटाची बैलगाडी करायचो. आतलं पांढरं भेंड कापायचं, वरच्या सालीच्या काड्या टोचायच्या, चाकं, जू, सगळं. तसंच केलं. सेल असे बसले जसे गाडीत धान्याच्या गोण्या. हलक्या हातानं उचलता येतो. दिसायला बी चांगला.

मालक म्हणाले, बैल कुठं हाईत?

दाखवायला घेऊन गेले. शिवय्यानं चष्मा वर केला, होल्डर बघितला, मला बघितलं. म्हणाला, अक्का, जळंल अशा कशावर ठेवू नका असं मी कानडीत बोललो का मराठीत?

ठरवलंय, उद्यापासून कुणाच्या हसण्याचा राग करायचा न्हाई. बीपीला वाईट.

१३ सप्टेंबर

राग केला. मालकावर. चुलीत जाळ घालायला त्यांनी तोच होल्डर घेतला. लगेच पेटला, म्हणाले, लई चांगला पेटतो.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रशांतची सुट्टी. त्याच्यासाठी शेंगाची चटणी कुटली, भाकरी केल्या. आला न्हाई. गाडी चुकली असंल.

संध्याकाळी त्याचा फोन. मागं मंजू रडायल्याचा आवाज. म्हटलं, बिदरला कुणाचं लेकरू रडायलंय? म्हणाला, माय, मी कडगंचीला आलोय.

म्हणजे गाडी चुकून तिकडं गेला.

१६ सप्टेंबर

मिरच्या चिरताना डोळ्याला हात लागला. अंजू चिरायची मिरच्या. तिचं एक व्हतं, बोलायची न्हाई पण चिरायची. दिवसभर आग आग. एका डोळ्यानं भजी तळली. नागेंद्र म्हणाला, अक्का, डोळा मारायलीस का? त्याच्या तोंडाला कुलूप लावणारा कुणी भेटंना.

अंजूला आपण होऊन फोन करायचा न्हाई. तिचं चुकलंय, तिनं करावा.

१७ सप्टेंबर

केला. उचलला विहीणबाईंनी, कमलबाईंनी. म्हणाल्या, पोरी झोपल्यात दोघी. दुपारच्या बाराला कोण झोपतं? पण म्हटलं, झोपू द्या, आराम करायला गेलीय ती. त्या म्हणाल्या, आराम करायला न्हाई आली ती, अक्का. मी म्हटलं, आवाज कट व्हायलाय. आन् ठेवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आता खरं काम. मातीचा होल्डर. माती जळत न्हाई. आधीच सुचायला पाहिजे व्हतं, पण मला कुणी नीट विचार करूच देत न्हाई.

तांबडी माती चाळली, भुसा घातला, शेण घातलं, मळली. चुलीला जसे वैल तसे चार सेलला चार खड्डे. टोकाला स्प्रिंग पाहिजे, म्हणजे सेल घट्ट बसतो. स्प्रिंगा मिळाल्या घरातच, पेनातल्या. टकटक करायच्या पेनात असते बघा बारीक. सगळ्या पेनांच्या काढल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कातरून पट्ट्या केल्या.

एकच झालं, आता लिहिताना निब आत जायलीय. बोटानं मागनं दाबून धरायचं आन् लिहायचं. अक्षर आधीच कोंबड्याच्या पायासारखं, आता कोंबडं लंगडं झालं.

२० सप्टेंबर

माती वाळंना. चार दिवस झाले ऊन न्हाई. तव्यावर ठेवून वाळवली. मधोमध तडकली. तव्याचा जाळ मालकानं मोठा ठेवला असणार. ते घरात नव्हते, पण सकाळी चूल त्यांनीच पेटवली व्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

डोकं असं चालतं. घटासाठी काळी माती आणलीच व्हती, चाळलेली. घट मांडून उरली ती वाया कामून घालवायची? त्यात तांबडी मिसळली आन् दुसरा होल्डर केला. ह्यावेळी खाली दगड. रांजणाखालची शहाबादी फरशी काढली, तिच्यावर मातीचे चार खड्डे बांधले. फरशी जळत न्हाई, करंट घेत न्हाई, तडकत न्हाई. जड हाय तेवढी. मालकाला उचलायला लावली तर म्हणाले, प्रशांतची माय, सेल भरायचे हाईत का पुरायचे?

रांजण आता नुसत्या जमिनीवर हाय. पाणी पाझरायलंय. ते बघू नंतर.

२६ सप्टेंबर

होल्डर उगवला.

म्हणजे खरंच उगवला. घटात पेरलेलं धान्य त्या उरलेल्या मातीत पडलं असणार. गहू, ज्वारी, थोडी जवस. चारी खड्ड्यांच्या कडेनं हिरवे कोंब बोटाएवढे. देवघरातल्या घटापेक्षा होल्डर जास्त उगवला.

मला तर शकुन वाटला. मालक येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, कापणीला माणसं सांगू का?

कोंब उपटले. माती मोकळी झाली. पुन्हा लिंपली. आता भज्याच्या गाडीवरनं घरी आल्यावर गरम कढई रोज त्याच्या शेजारी ठेवायची. हळूहळू वाळंल.

अंजूला हे सांगितलं असतं तर हसली असती. पोरगी हसते चांगली, आवाज न करता, खांदे हलवून.

२७ सप्टेंबर

शिवय्या म्हणतो खाच बघा, खाच बघा. दिवसभर भजी तळून डोळ्याला खाच दिसती का? मी माझी खूण केली. प्लसला कुंकू, मायनसला हळद. शिवय्याकडनं एकदा प्रत्येक सेल तपासून घेतला आन् तिथंच डबी काढून बोट लावलं. कुंकू म्हणजे प्लस. हळद म्हणजे मायनस. आंधळ्यानं बी चुकू नये. शिवय्या म्हणाला, अक्का, टोकावर न्हाई लावायचं, करंट अडतो, अंगाला लावा. म्हणून अंगाला लावलं, टोकाजवळ.

पहिल्यांदाच त्यानं नाव ठेवलं न्हाई. नुसता म्हणाला, पुसू नका मात्र.

मी कशाला पुसते?

२८ सप्टेंबर, रविवार

मालकानं वाळूची बादली भरून आणली आन् दाराशी ठेवली. म्हटलं, हे काय? म्हणाले, शिवय्या बोललाता, जवळ वाळू असावी. शिवय्या तुम्हाला बी भेटतो व्हय? म्हणाले, मला बी पाय हाईत. मी दोनदा अडखळले त्या बादलीला. माझ्या होल्डरवर विश्वास नसल्याची निशाणी दाराशी मांडून ठेवलीय.

प्रशांत आला न्हाई. ह्यावेळी गाडी चुकली असं म्हणता येत न्हाई, कारण त्यानं आधीच सांगितलं व्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

होल्डर वाळला. घट्ट. वाजवून बघितला, टणक वाजतो.

आता ठेवायचा कुठं? जमिनीवर रांजणाचं पाणी. ओट्यावर तेल. बाजेवर परत ठेवला तर उगाच विषय निघंल. खिडकीत पाऊस. कोनाड्यात उंदीर. सगळं घर डोळ्यानं फिरले. कुणाचा हात पोचू नये, ओल लागू नये, आजूबाजूला कापड नसावं, हवा खेळती असावी.

मग वर बघितलं. तुळईला कडी हाय. कडीला चार साखळ्या. लोखंडी, भक्कम, चार कोपऱ्याला चार. फरशीचे कोपरे असे बसले जसं मापच घेतलं व्हतं.

पाळणा काढून माळ्यावर ठेवला. रिकामा कामून ठेवायचा म्हणून त्यात कांदे भरले.

मालक येऊन खाली उभे राहिले. वाटलं आता काहीतरी चेष्टा करतील. केली न्हाई. म्हणाले, हे तू अंजूला दाखवू नको. म्हटलं, तिच्यासाठीच केलंय. म्हणाले, म्हणूनच.

कळलं न्हाई मला. थकलेय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

वर्षाचा दिवस हाय, हात आखडता घेतला न्हाई. कोयता, खुरपं, विळी, तराजू, कढई, झारा, भज्याची गाडी, मालकाची टीव्हीएस, सगळं धुतलं. सेल काही पाण्यात घातले न्हाईत, तेवढं मला कळतं. कोरड्या फडक्यानं खसखसून पुसले, जुनं मळकट सगळं काढलं. मग ओळीनं मांडून एकेकाला हळद, कुंकू, दोन्हीकडनं. अक्षता वाहिल्या. होल्डरला झेंडूची माळ घातली. लिंबू कापलं. किती देखणा दिसायलाय.

उद्या दसरा. ती तिघं येणार न्हाईत असं प्रशांतनं सांगितलं. पण व्हिडिओ कॉल लावतो म्हणाला. बास झालं. बघू दे तिला. चार्जिंग चालू करूनच दाखवते, लाल लाईट, मग हिरवी लाईट. परवाच्या गाडीत बसंल.

पुरणाची डाळ जास्तीची भिजवलीय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लिहू वाटंना. पण लिहिते.

फोन मालकाच्या हातात. पलीकडं अंजू, मांडीवर मंजू, मागं विहीणबाई, एका बाजूला प्रशांतचा कान. मंजूला दात आलाय. खालचा. मला कुणी सांगितलं न्हाई.

मी बोलायला उभी राहिले. आधीच पाठ केलं व्हतं. हे बघ, खाली दगड, वर माती, मधी पट्टी, पाणी लागत न्हाई, जाळ लागत न्हाई. अंजू म्हणाली, अत्या, ती साखळी कशाची हाय? म्हटलं, साखळी साखळीच असते, तू लाईट बघ. आन् सेल घातले. एक घातला, दुसरा घातला. तिसरा घातला आन् प्लग लावला.

पट्टी फट्टदिशी वाजली. धूर. असला घाण धूर, गळ्यात जाऊन बसणारा. झेंडूची माळ काळी पडली. मी सेल काढायला हात घातला, चटका बसला. मालकानं फोन टाकला जमिनीवर, मला मागं ओढलं, चुलीवरची सांडशी घेतली, तापलेला सेल धरला आन् दाराशी नेऊन त्या वाळूत पुरला. मग दुसरा. मग तिसरा. माणूस एवढ्या चपळाईनं हलतो हे मला लगीन झाल्यापासून माहीत नव्हतं.

फोन जमिनीवर उताणा. त्याला वरचं तेवढं दिसायलं असणार. तुळई, कडी, साखळ्या, धूर. अंजू ओरडायली. कधी ओरडत न्हाई ती. मामंजी, बाहेर निघा! अत्याला बाहेर काढा! अत्या, लागलं का तुम्हाला? अत्या, बोला ना!

मी फोन उचलला. म्हटलं, काही झालं न्हाई. बोटाला थोडं.

ती रडायलीती. आधी बोट दाखवा म्हणाली. दाखवलं. बर्फ हाय का म्हणाली. न्हाई म्हटलं. साध्या पाण्याखाली धरा म्हणाली, धरून ठेवा. धरलं. मग म्हणाली, मंजूचा पाळणा कुठं हाय?

म्हटलं, माळ्यावर. कांदे हाईत त्यात.

फोन कट झाला. रेंजचं काही म्हणत न्हाई मी.

मालकानं आपट्याचं पान माझ्या दुसऱ्या हातात ठेवलं आन् म्हणाले, सोनं घे. पुरण तसंच हाय.

३ ऑक्टोबर

चूक कुठं झाली ते शोधायलेय. होल्डर चांगला हाय. माती तडकली न्हाई, फरशी जशीच्या तशी. म्हणजे पट्टी डुप्लिकेट. शिवय्यानं डुप्लिकेट दिली. न्हाई तर करंट जास्त आला. सणाला जास्त सोडतात. न्हाई तर मालकानं सेल उलटापालटा केला. ते म्हणतात, मी सेलला हातच लावला न्हाई, सांडशी लावली.

४ ऑक्टोबर, शनिवार

सगळं पिशवीत घालून शिवय्याच्या टपरीवर आपटलं. म्हटलं, तुझी पट्टी जळकी. स्टँडवरची चार माणसं जमली. त्यानं काही बोलायच्या आत मी सगळं बोलून घेतलं.

त्यानं एक सेल उचलला. ह्या टोकाला बघितलं, कुंकू. हळद. फिरवला. त्या टोकाला बघितलं, हळद. कुंकू. दुसरा उचलला. तिसरा. सगळे ओळीनं मांडले. मग माझ्याकडं बघून म्हणाला, अक्का, ह्यातली नवरी कुठली आन् नवरा कुठला?

माणसं हसली. नागेंद्र सगळ्यात जास्त.

मला भज्याचं पीठ भिजवायचं व्हतं, मी आले निघून.

५ ऑक्टोबर

वर्षातनं एकदा येते खंडेनवमी. वर्षातनं एकदा.

६ ऑक्टोबर, सोमवार

करंट गेला. अंधारात उभी राहिले. बोटाला पट्टी, झारा धरता येईना. नागेंद्र आला. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोल आन् जा. बोलला न्हाई. त्याच्या गाडीवरनं वायर ओढून आणली आन् माझ्या बांबूला एक बल्ब टांगला. म्हणाला, अक्का, तू ओरडली न्हाईस तर स्टँडवर करमत न्हाई.

माझ्या गाडीवर नागेंद्रचा उजेड. भजी खपली सगळी. कडू लागली मला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रशांत आला. पिशवीतनं एक दिवा काढला. आतच बॅटरी, आतच सगळं, मोबाईलच्या वायरवर भरतो. भरला की आपला आपण थांबतो. बटण दाबलं, सगळं घर पांढरं. वर तुळईला धुराचा काळा डाग हाय तो बी दिसला. म्हटलं, हा कधी घेतलास? म्हणाला, सेल आणले त्याच दिवशी दुकानात व्हता. तू म्हणालीस सेलच आण.

जेवला. पुरण आंबलं व्हतं, आमटी-भात खाल्ला. मग म्हणाला, माय, एक विचारू? अंजूनं होल्डर मागितलाता का तुला?

म्हटलं, ती म्हणाली बॅटऱ्या...

म्हणाला, काय म्हणाली?

मी ताट उचललं. तो गेल्यावर ही डायरी काढून पहिलं पान बघितलं. अक्षर चांगलं हाय त्या पानावर, तेव्हा पेनात स्प्रिंग व्हती. ‘ह्या बॅटऱ्या घरात असेपर्यंत.’ मीच लिहिलंय. त्याच्या खाली ‘म्हणजे काय, तर’ हे बी मीच लिहिलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासनं उभी हाय, पाय भरून आलेत, तरी हे लिहून घेते, कारण उद्या मालकाच्या फोनवर बोलून पाठवायचंय. बोलताना मी भलतंच बोलते. बघून बोलणार.

स्प्रिंग धुऊन परत पेनात घातली. काळी पडलीय, पण चालते. बघ, अक्षर नीट आलंय.

अंजू, मी बोलायलेय, तुझी अत्या. ऐकून घे, मधीच बंद करू नको. बॅटऱ्या घरात न्हाईत. एक बी न्हाई. वाळूतल्या सुद्धा काढून शिवय्याकडं दिल्या. बिदरला जुन्या बॅटऱ्या घेतात तिथं तो पाठवणार हाय, मी त्याच्याकडनं कबूल करून घेतलंय. होल्डर फोडला. माती परसात टाकली, तिथं पुन्हा ज्वारी उगवंल, उगवू दे. फरशी रांजणाखाली गेली. तुळईला चुना मारायला मालकाला सांगितलंय, म्हणजे मीच मारणार. कांदे काढले. पाळणा धुऊन उन्हात ठेवला, थोडा वास राहिलाय, मंजू यायच्या आत जाईल. साखळ्या चिंचेनं घासल्या. दुपट्याला ठिगळ लावलंय, माझ्या निळ्या लुगड्याचं, मऊ हाय, टोचणार न्हाई. बोट बरं हाय. तू विचारलंतंस म्हणून सांगितलं.

माझं चुकलं असं मी म्हणालेय असं कुणाला सांगू नको. आन् मिरच्या मीच चिरते, तू नुसतं बस.

आता हे ऐक. येणार का न्हाई, ते मला रविवारपर्यंत सांग. संध्याकाळच्या हुमनाबाद गाडीच्या आत. तुझ्या आईकडनं न्हाई, प्रशांतकडनं न्हाई, तू सांग. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई, मला मधलं काही कळत न्हाई. कडी रिकामी हाय आन् ती बघत मी बसू शकत न्हाई. न्हाई म्हणालीस तर सोमवारी सकाळी कांदे टांगते.